ऊसतोड तोंडावर, शिवारात बिबट्या: गावसभेत नेमकं काय सांगावं?

कृष्णाकाठचा_मास्तर

नमस्कार मंडळी. गाव वाळवा तालुक्यातलं, एका अंगाला कृष्णा आणि बाकी तिन्ही बाजूंना ऊस. ओढ्याकडच्या शिवारात बिबट्या दिसल्याचं चार-पाच जण सांगतात, दोन घरची शेरडं गेलीत. कारखाना सुरू होतोय, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येऊन उतरल्यात आणि त्यांच्या कोप्या (झोपड्या) उभ्या उसाला लागूनच आहेत. पंपाची थ्री फेज लाईट बरेच दिवस रात्रीची असते, त्यामुळं दारं धरायला (उसाला पाणी पाजायला) माणसं अंधारातच रानात. मुलं वस्त्यांवरून चालत शाळेला येतात.

शनिवारी गावसभा आहे, शाळेतर्फे मला बोलायचं आहे. "सावध राहा" एवढं सांगून कुणाच्या हाती काही लागत नाही. फडात (तोड चालू असलेल्या उसात) बिबट्याची पिल्लं सापडली तर काय करायचं, रात्री पाण्याला जाणाऱ्यानं काय करायचं, साप चावला तर पहिल्या तासात काय आणि नदीवर मगरीचं काय, हे जाणकारांकडून हवंय. कारणासकट सांगितलं तर लोक ऐकतात, म्हणून कारणंही लिहा.

---

रानवाट_शिराळा

सर, सभेची सुरुवात "बिबट्या आलाय" अशी करू नका. तो तुमच्या शिवारात राहतोय असं धरून बोला, कारण पुढची सगळी काळजी रोजची आहे, चार दिवसांची नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. आत सावली, शेजारी पाटाचं पाणी, गावाच्या कडेला मोकाट कुत्री आणि रानात डुकरं. मादीला विण्यासाठी याहून निवांत जागा मिळत नाही. तीनेक महिन्यांचा गाभणकाळ, बहुधा दोन-तीन पिल्लं, आणि ती दीड-दोन वर्षं आईबरोबर राहतात. उसात जन्मलेल्या पिल्लाला ऊसच घर वाटतो. त्याला चांदोलीचं जंगल माहीतच नसतं.

तो खातो काय, हे लोकांना जरूर सांगा. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी विष्ठा तपासून अभ्यास केला. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात पाळीव आणि मोकाट जनावरांचा वाटा ८७ टक्के निघाला, एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणून पहिला उपाय गावाच्या उकिरड्यापासून सुरू होतो. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकतात, चिकनच्या दुकानाची घाण पोत्यात भरून पुलाखाली जाते. त्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. तीन-चार फुटांचा खड्डा, चुना आणि वर माती, हे ग्रामपंचायतीनं सक्तीनं करून घेतलं पाहिजे. माझ्या मते तुमच्या सभेतला सगळ्यात महत्त्वाचा ठराव हाच.

शेरडांच्या गोठ्याला नुसती उंच भिंत पुरत नाही, बिबट्या सहज चढतो. जाळी चारी बाजूंनी आणि वरूनही हवी, पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट बुजलेली हवी, दाराला खालून वाव नको. रुंद गजांचं दार असेल तर पंजा आत घालून शेरडू ओढता येतं, म्हणून गजावर बारीक जाळी मारा. रात्री कुत्रं अंगणात बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला दारापर्यंत बोलावणं. कुत्र्यालाही आत घ्या.

आता रात्रीचं पाणी. बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलं आणि वाकलेली किंवा बसलेली माणसं जास्त सापडतात. उंची कमी झाली की माणूस त्याला भक्ष्याच्या मापाचा दिसतो. दारं मोडायला वाकणं, वैरण कापणं आणि अंधारात परसाकडं बसणं हे तीन प्रसंग तेवढ्यासाठी धोक्याचे. एकट्यानं जायचं नाही. एक वाकून काम करतोय तोवर दुसऱ्यानं उभं राहून बॅटरी फिरवायची. मोबाईलवर गाणी किंवा भजन मोठ्यानं लावायचं, बोलत राहायचं. हेडफोन घालून रानात जाणारी तरुण पोरं यात सगळ्यात उघड्यावर असतात. काठीला घुंगरू बांधलं तर चालताना आपोआप आवाज होतो आणि साप-बिबट्या दोघांनाही आधी कळतं. बांधावर वळताना उसाच्या कडेपासून जमेल तेवढं लांबून चाला. घरून मोटर चालू करायचा मोबाईल स्टार्टर बसवला तर निदान मोटरघरापर्यंतची एक फेरी वाचते.

समोर आलाच तर थांबायचं. पळायचं नाही, खाली बसायचं नाही, पाठ दाखवायची नाही. तोंड त्याच्याकडं, हात वर, आवाज मोठा आणि पावलं सावकाश मागं. बरोबर मूल असेल तर आधी त्याला उचलून घ्या, पण उचलताना कमरेतून वाकू नका, नजर बिबट्यावर ठेवून गुडघ्यात मोडा. त्याच्या निघायच्या वाटेवर उभं राहू नका. दगड मारून हुसकावणाऱ्यांचा घोळका हीच बहुतेक जखमांची सुरुवात असते.

---

कृष्णाकाठचा_मास्तर

फार उपयोगी. पण फडातल्या पिल्लांचं राहिलं. आणि दुसरं म्हणजे, सभेत "पिंजरा लावा, धरून न्या" ही मागणी नक्की येणार. त्याला काय उत्तर द्यावं?

---

रानवाट_शिराळा

पिल्लांचं सांगतो. पिंजऱ्याचं कोयनेकडचे दादा लिहितील, त्यांना तो विषय पक्का माहीत आहे.

तोड कुठून सुरू करायची हे टोळीच्या मुकादमाशी आधी ठरवा. वस्तीच्या किंवा रस्त्याच्या बाजूनं तोडायला लागा आणि ओढ्याकडं किंवा शेजारच्या उभ्या उसाकडं सरकत जा, म्हणजे आतलं जनावर वस्तीपासून लांबच्या बाजूनं निघून जातं. चारी बाजूंनी तोडून मधे चौकोन ठेवला तर मादी त्यात कोंडते. शेवटच्या पाच-दहा सऱ्या हा त्यामुळं सगळ्यात नाजूक वेळ. तिथं पोचण्याआधी अर्धा तास काम थांबवा, ट्रॅक्टर चालू ठेवा, डबे वाजवा, मग कोयता लावा. फड पेटवू नका, बारीक पिल्लं पळू शकत नाहीत आणि जागेवर जळतात.

कोप्या उभ्या उसापासून निदान शंभर फूट लांब, मोकळ्या रानात असाव्यात. फडाच्या कडेला झोळीत किंवा पोत्यावर मूल झोपवून आई-बाप तोडायला जातात, हे थांबवायचं असेल तर नुसतं सांगून भागणार नाही. गावानं मुलांना दिवसभर ठेवायला अंगणवाडी किंवा देऊळ उघडं करून दिलं पाहिजे.

पिल्लू दिसलं की त्या जागची तोड थांबवा आणि माणसं मागं घ्या. हात लावू नका, उचलून घरी आणू नका, फोटोसाठी मांडीवर घेऊ नका. मादी बहुतेक वेळा जवळच्याच उसात असते. वनविभागाला कळवा, १९२६ ही त्यांची मदतवाहिनी. आधी पिल्लू कुणाचं आहे ते बघतात, कारण रानमांजराची पिल्लं बिबट्याची म्हणून नेहमी दाखवली जातात. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगभर दाट काळे ठिपके असतात. रानमांजराचं पिल्लू मातकट, अंगावर पुसट पट्टे, बिबट्यासारखे दाट काळे ठिपके नाहीत.

बिबट्याचीच असतील तर तब्येत तपासून संध्याकाळी ती क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवतात आणि समोर कॅमेरा लावतात. मादी अंधार पडल्यावर येते आणि तोंडात धरून एकेक पिल्लू नेते. इथंच लोक चुकतात. एक नेलं, एक राहिलं, म्हणजे आईनं टाकलं असं समजून सकाळी दुसरं उचलतात. ती त्याच रात्री परत येते, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री येते. तेवढे दिवस त्या रानात कुणी जायचं नाही. शेतमालकाची तोड दोन-तीन दिवस लांबते, हे कारखान्याच्या गटकार्यालयाला आधी सांगून ठेवा, म्हणजे टोळी दुसऱ्या फडात लावता येते. पिल्लं गेल्यावर चवताळलेली मादी गावात फिरण्यापेक्षा हे दोन-तीन दिवस फार स्वस्त आहेत.

---

कोयना_खोरे

पिंजऱ्याबद्दल. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्याला पकडायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. स्थानिक रेंजर आपल्या मनानं पिंजरा लावू शकत नाही, हे लोकांना सांगितलं की निम्मा राग कमी होतो.

पण नियम बाजूला ठेवला तरी मुद्दा वेगळाच आहे. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बिबटे धरून आसपासच्या जंगलात सोडले. माणसांवरचे हल्ले त्याआधी वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. कारण असं की बिबट्याचा मुलूख ठरलेला असतो. त्यातला एक काढला की जागा रिकामी राहत नाही, शेजारचे किंवा तरुण बिबटे ती धरतात आणि त्यांना त्या गावाच्या वाटा, वेळा काहीच ठाऊक नसतात. इकडं सोडलेला बिबट्या अनोळखी रानात भुकेला, घाबरलेला, घराकडं परतण्याच्या खटपटीत. धोका दोन्हीकडं वाढतो.

माणसावर हल्ले करायला लागलेला बिबट्या मात्र धरायलाच हवा. तिथं मी पिंजऱ्याच्या बाजूनं आहे आणि वनविभागही तशी पावलं उचलतो. शेरडू नेलं, कुत्रं नेलं एवढ्यावर पिंजरा मागू नका.

गव्याचंही दोन ओळींत सांगतो, कारण चांदोलीकडून वारणेच्या काठानं तो आता उसात उतरतो. २०२१ च्या डिसेंबरात सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला होता. त्याआधीच्या वर्षी पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा लोकांच्या पाठलागानंतर मेला. एवढ्या अंगाच्या जनावराला तासन्‌तास पळवलं की त्याचं अंग तापतं, स्नायू फाटतात, आणि मग बेशुद्धीचं इंजेक्शन बरोबर बसूनही ते वाचत नाही. पूर्ण वाढलेला नर आठशे-हजार किलोचा असतो. तो दिसला की वाट मोकळी सोडा, मोटारसायकलचे दिवे विझवून लांब थांबा, मागून हाकलू नका. बहुतेक वेळा तो अंधार पडला की आल्या वाटेनं परत जातो.

---

डॉ_माणदेश

सर्पदंशाचं मी लिहितो. सभेतला निम्मा वेळ यालाच द्या असं माझं म्हणणं आहे. बिबट्याची चर्चा जास्त होते, पण रानात आणि घरात माणसं सापानं कितीतरी जास्त जातात.

आपल्याकडं जीव घेणारे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. फुरसं जत-आटपाडीकडच्या खडकाळ माळाचं, बाकी तीन उसाच्या पट्ट्यात. दवाखान्यातली लस (विषावरचा उतारा) या चारही सापांच्या विषावर एकच असते. म्हणून कोणता साप चावला हे ठरवण्यात वेळ घालवू नका. साप मारून पिशवीत आणू नका, मेलेल्या सापाचं तोंडही चावू शकतं. लांबून सहज फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

चावल्यावर घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवा. रुग्णाला आडवा करा, चालू-पळू देऊ नका. हालचाल झाली की स्नायू विष पुढं ढकलतात. चावलेला हात-पाय फळीला किंवा दोन उसाच्या कांड्यांना सैल पट्टीनं बांधा, मोडलेलं हाड बांधतात तसं. अंगठी, जोडवी, पैंजण, बांगड्या, पायातला काळा दोरा लगेच काढा, सूज आली की ते मांसात रुततात. दोरीनं आवळून बांधायचं नाही. घोणस-फुरशाच्या विषानं आधीच मांस सडतं, वर रक्त अडवलं की पाय गमवावा लागतो. कुणी आधीच आवळून बांधलं असेल तर वाटेत एकदम सोडू नका, दवाखान्यात लस चालू करून हळूहळू सोडतात. चिरा देणं, तोंडानं ओढणं, कडुनिंबाचा पाला खाऊ घालून विषाची परीक्षा करणं, तूप पाजणं, देवळात नेणं, या प्रत्येकात मिनिटं जातात आणि मिनिटांचाच हिशेब असतो. ओकारी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा.

१०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागत असेल तर चारचाकी बघा. तीही नसेल तर मोटारसायकलवर रुग्णाला मधे बसवून मागं एकानं घट्ट धरायचं. निघतानाच प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करून लस आहे का विचारा. नसेल तर थेट पुढं जा.

दवाखान्यात काय होतं हेही लोकांना माहीत हवं. कोरड्या काचेच्या बाटलीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलंय. गोठलं तरी पुढं ठराविक वेळानं पुन्हा पुन्हा बघतात. लक्षणं असतील तर सुरुवातीला आठ ते दहा व्हायल (कुप्या) लस शिरेतून देतात. लहान मुलालाही तेवढीच, कारण सापानं विष मुलाचं वजन बघून सोडलेलं नसतं. हे ऐकून आई-बाप घाबरतात आणि डोस कमी करा म्हणतात. तसं करू नये. लसीची रिॲक्शन येऊ शकते, त्यासाठी ॲड्रेनलिन भरून तयार ठेवलेलं असतं. मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं तर पहिला डोस सुरू करूनच पाठवावं, हे नातेवाइकांनी नम्रपणे विचारायला हरकत नाही. काही दिसत नसलं तरी चोवीस तास देखरेखीखाली राहायचं.

मण्यारीवर वेगळं बोला. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं कळतच नाही. दुखत नाही, सूज नाही, कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा आवळल्यासारखा होतो, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. लोक पित्त समजून सोडा पाजतात आणि सकाळी श्वास थांबतो. कोपीत किंवा जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि डोळे न उघडणं ही दोन लक्षणं एकत्र दिसली की सर्पदंश धरूनच निघा, आणि व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पोचायची तयारी ठेवा. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय त्यासाठी आहे.

यावर सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे मच्छरदाणी, चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली. नुसती सोडलेली मच्छरदाणी काही कामाची नाही. टोळीतल्या प्रत्येक कोपीला एक, एवढी वर्गणी गावाला जड नाही.

---

वारणाकाठ_सर्प

डॉक्टरांनी लिहिलंय त्यावर एक शब्द कमी करण्यासारखा नाही. ओळखीबद्दल मात्र थोडं. चावल्यावर ओळख शोधू नये हे खरं, पण चावायच्या आधी ओळख असली तर माणूस उगाच हात घालत नाही.

बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळं आपल्या भागात नाग शेंबड्या पोरालाही ओळखता येतो. घोटाळा होतो तो इतरांत. मण्यार आणि कवड्या: मण्यार काळीभोर, चकाकती, पांढरे पट्टे बहुधा जोडी-जोडीनं, मानेपासून थोडे मागं सुरू होऊन शेपटीकडं ठळक होत जाणारे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडं विरतात. घोणस आणि डुरक्या घोणस: खऱ्या घोणशीच्या पाठीवर काळ्या कडांच्या गोल खुणांच्या तीन ओळी, डोकं त्रिकोणी, आणि डिवचलं की कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार. डुरक्या घोणस बिनविषारी, शेपटी आखूड आणि बोथट, पाठीवर ओबडधोबड डाग. कोवळा अजगर समजून घोणस हातात धरणारेही आहेत. म्हणून नियम एकच ठेवा, ओळखता आलं तरी हात लावायचा नाही. वनविभागाकडं नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवा आणि तो येईपर्यंत एकानं लांबून सापावर नजर ठेवा, नाहीतर तो नंतर सापडत नाही आणि घरातली माणसं रात्रभर जागी राहतात.

रानात गुडघ्यापर्यंतचा गमबूट. चपलेवर दारं धरणं बंद करा, कारण बहुतेक दंश पायावर होतात. पाचट हातानं उचलायचं नाही, कोयत्याच्या टोकानं किंवा दाताळ्यानं आधी ओढायचं. वैरणीच्या गंजीत हात घालण्याआधी काठी आपटायची. घोणस थंडीत उन्हाला बांधावर पडून असते आणि लवकर हलत नाही, आपल्या आवाजानं ती निघून जाईल असं समजून भरभर चालू नका. घराच्या भिंतीला लागून विटा, सरपण, पत्रे रचू नका. उंदीर हे सापाचं खरं आमंत्रण, म्हणून धान्याची पोती फळीवर आणि कणगीचं तोंड बंद.

---

घाटावरून

मगरीचं लिहितो. भिलवडी, औदुंबर, आमणापूर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगर आहे आणि राहणार आहे, तिलाही त्याच पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.

थंडीत दुपारपर्यंत ती काठावर ऊन खात पडलेली दिसते, तोंड उघडं टाकून. तो हल्ल्याचा पवित्रा नव्हे, अंगातली उष्णता ती तोंडावाटे सांभाळते. खरा धोका काठावर दिसणाऱ्या मगरीचा कमी, पाण्यात न दिसणारीचा जास्त. फेब्रुवारी ते एप्रिल ती काठच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते, दोनेक महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. तोवर मादी जवळपासच असते आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात माणसं पोहायला, म्हशी धुवायला नदीत उतरतात. त्याच काठाची माती वीटभट्टीसाठी उकरली जाते, त्यात अंडी मोडतात. ग्रामपंचायतीनं निदान तेवढे महिने तो उपसा थांबवावा.

शेतकऱ्यांसाठी सगळ्यात वाईट वेळ फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड) साफ करायला पाण्यात उतरण्याची. कमरेएवढ्या गढूळ पाण्यात, एकटा, हात पाण्याखाली. त्याऐवजी फुटव्हॉल्व्ह साखळीनं किंवा कप्पीनं वर ओढता येईल असा बसवा. खर्च एकदाच होतो. उतरावंच लागलं तर भर दुपारी, काठावर दोन माणसं बांबू घेऊन, आणि आधी पाण्यावर पाच मिनिटं नजर.

धुणं धुणाऱ्या बायकांनी रोज त्याच दगडावर त्याच वेळी बसू नये. मगर शिकारीच्या जागा आणि वेळा हेरते. बादलीनं पाणी वर घेऊन काठापासून आठ-दहा फूट मागं धुवा. घाटावर पाण्यात लोखंडी जाळीचं कुंपण करून घेण्याची मागणी सभेत ठरावात घाला. कोंबडीची आतडी, मेलेली जनावरं नदीत टाकणं बंद, कारण वर बिबट्यासाठी सांगितलं तेच इथंही लागू आहे.

काठावर मगर दिसली तर तिच्या आणि पाण्याच्या मधे कधी उभं राहू नका, ती पाण्याकडं जाते आणि वाटेत असेल त्याला घेऊन जाते. धरलंच तर डोळ्यांवर आणि नाकपुड्यांवर मारा, बाकीच्यांनी माणसाला काठाकडं ओढायचं, पण स्वतः पाण्यात न उतरता.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांसारखं पाणी आलं तर मगरी उसात, ओढ्यात आणि गटारीत येतात, आणि पाणी उतरल्यावर डबक्यात अडकून राहतात. पूर ओसरल्यावर घरात पहिलं पाऊल काठी आणि बॅटरी घेऊनच टाका. माळा, चुलीचा कोनाडा, उपडी भांडी यांत साप बसलेले असतात.

---

कराडकर

पैशांचं आणि कागदांचं. शेरडू किंवा वासरू मारलं तर मढं जागचं हलवू नका आणि ४८ तासांच्या आत वनरक्षक किंवा वनपाल यांना कळवा. पंचनामा जागेवर होतो. मढं हलवलं की कशानं मारलं हे सिद्ध करता येत नाही आणि प्रस्ताव तिथंच अडकतो. भरपाईच्या रकमा शासन निर्णयानं बदलत असतात, म्हणून सभेत जुना आकडा सांगू नका, रेंज ऑफिसात विचारून सांगा.

सर्पदंशाला वनविभागाची भरपाई मिळत नाही, हे लोकांना ठाऊक नसतं. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, त्यात सर्पदंशानं मृत्यू झाल्यास २ लाख रुपये. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं. दवाखान्याचे कागद आणि शवविच्छेदन नसेल तर तो मंजूर होणं अवघड, म्हणून दुःखातही ते टाळू नका.

आणि एक गोष्ट सभेत ठासून सांगा. डुकरांसाठी उसाच्या कडेला घरची लाईट जोडलेली तार सोडतात. त्या तारेनं बिबट्याच्या आधी शेजारचा शेतकरी मरतो, रात्री दारं धरायला आलेला. तो सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होतो. डुकरांसाठी सौर झटका मशीन वापरा, त्याचा झटका क्षणभराचा आणि तुटक असतो, धक्का बसतो पण माणूस चिकटून राहत नाही.

---

कृष्णाकाठचा_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं अर्ध्या तासात बसवणं हेच आता काम. दोन शंका राहिल्या. ठसे बघून ओळखता येतं का? गावात रोज कुणीतरी ठशाचा फोटो पाठवतं. आणि बिबट्याची नखं लागली तर प्रथमोपचार काय?

---

रानवाट_शिराळा

येतं. बिबट्या नखं आत ओढून चालतो, त्यामुळं ठशात चार बोटं दिसतात, नखं नाहीत, आणि गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखांची टोकं उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. चिखलात ठसा पसरून मोठा दिसतो, म्हणून घट्ट मातीतला बघा. फोटो वरून सरळ काढायचा आणि शेजारी काडेपेटी ठेवायची, नाहीतर माप कळत नाही. शाळेतल्या मुलांना हे शिकवा. ती ओल्या बांधावर कुत्र्या-मांजराचे ठसे शोधून आपोआप पक्की होतात, आणि खोट्या अफवा गावात निम्म्या होतात.

---

डॉ_माणदेश

नखं असोत की दात, बिबट्या, कोल्हा, तरस, माकड कुणाचीही जखम असो, रेबीजच्या दृष्टीनं ती सगळ्यात गंभीर गटातली धरायची. वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, मिनिटं मोजून. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. रक्त उसळत असेल तर मात्र आधी स्वच्छ फडकं दाबून ते थांबवा. दवाखान्यात रेबीजच्या लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आणि शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येक आरोग्य केंद्रात असतंच असं नाही, ते विचारूनच जा. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत, घालायचेच तर इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर. लसीचे पुढचे डोस चुकवू नका.

---

कराडकर

सर, सभेनंतर शाळेच्या भिंतीवर नंबर रंगवून घ्या: वनविभाग १९२६, रुग्णवाहिका १०८, तुमचा वनरक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि नोंदणीकृत सर्पमित्र. तेच कागदावर लिहून प्रत्येक मुकादमाला द्या. टोळीतल्या लोकांना आपल्या गावाचं नाव आणि वस्ती फोनवर सांगता येत नाही, म्हणून कागदावर गाव, तालुका आणि जवळची खूण आधीच लिहून ठेवा. रंगवण्याआधी प्रत्येक नंबर एकदा रात्री लावून बघा. दिवसा उचलला जाणारा फोन रात्री बंद असतो, आणि तुम्हाला तो रात्रीच लागणार आहे.